गुडघाभर पाण्याचं नांदूर

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत चार दिवस झड लागली की मराठवाड्यातल्या बातम्यांत एक गाव हमखास येतं. ‘नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत अमुक हजार क्युसेक विसर्ग.’ जायकवाडीत किती पाणी उतरणार, याचा हिशेब वैजापूर-गंगापूरपासून पैठणपर्यंतचे लोक या आकड्यावरून मांडतात. गाव बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, आकडा मात्र तोंडपाठ असतो. मग दिवाळी सरते, थंडी पडते आणि त्याच गावाचं नाव वर्तमानपत्रात पुन्हा येतं. या वेळी क्युसेकचा पत्ता नसतो. उथळ पाण्यात एका पायावर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांचा फोटो असतो आणि त्याखाली ‘महाराष्ट्राच्या भरतपुरात पाहुणे दाखल’ अशा धर्तीची ओळ.

दोन्ही बातम्या एकाच बंधाऱ्याच्या आहेत. तो बंधारा झाला नसता तर ही पाखरं इथे थांबली नसती. आणि ज्या कामासाठी तो बांधला ते काम त्याने आजवर पुरेपूर केलं असतं, तरीही ती बहुधा थांबली नसती. नांदूरला जाऊन दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी हा गुंता थोडा सोडवून घेतला की समोरचं पाणी वेगळं दिसू लागतं.

नाशिकहून निफाडला पोचायचं आणि तिथून दक्षिणेकडे गोदावरीच्या दिशेने उतरायचं. अंतर सारं मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्येच ऊस, मध्येच कांद्याचे वाफे. न्यायमूर्ती रानडे जन्मले ते हे निफाड; पण आजच्या मराठी माणसाला ते माहीत आहे ते द्राक्षांमुळे आणि थंडीमुळे. राज्यात नीचांकी तापमानाची बातमी आली की त्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याचा आकडा पुष्कळदा असतो. बागाईतदार त्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागांच्या बांधावर शेकोट्या पेटवतात. सैबेरियाकडून आलेल्या बदकांना ही थंडी म्हणजे ऊन खाण्याचे दिवस.

भूगोल सोपा आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडून पूर्वेला वाहते. वाटेत तिला इगतपुरीकडून येणारी दारणा मिळते. पुढे नांदूरजवळ उत्तरेकडून, दिंडोरीच्या बाजूने, कादवा येऊन मिळते. संगमाजवळ नदीच्या मधोमध उभं असलेलं महादेवाचं देऊळ म्हणजे मध्यमेश्वर. सरकारी कागदांत नाव असं शुद्ध असलं तरी गावकऱ्यांच्या तोंडी ते ‘मधमेश्वर’ आहे. जवळच मृगव्याधेश्वराचं स्थान आहे. रामाने मारीच राक्षसाच्या सोनेरी हरणाला बाण मारला तो इथेच, असं परिसरातले लोक सांगतात.

आता पाऊस पाहा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, निफाड-सिन्नरच्या पूर्व भागात, तो पाचशे-सहाशेवर येतो. सह्याद्रीने ढग अडवायचे आणि पलीकडच्यांनी आकाशाकडे बघत बसायचं, हा पर्जन्यछायेचा जुना न्याय. एकोणिसावं शतक संपता संपता दख्खनमध्ये दुष्काळांनी हाहाकार माजवला आणि इंग्रज सरकारला पाटबंधाऱ्यांची निकड पटली. १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला गेला. त्याच काळाचं अपत्य म्हणजे नांदूरचा दगडी बंधारा. १९०७ च्या सुमारास काम सुरू झालं आणि काही वर्षांत पुरं झालं. वर दारणा नदीवर धरण बांधायचं, तिथलं पाणी नदीतूनच खाली सोडायचं, नांदूरला ते अडवून उंचवायचं आणि दोन्ही अंगांना काढलेल्या कालव्यांत वळवायचं, अशी ही योजना. डावा आणि उजवा कालवा आजही वाहतात. कोपरगाव-राहाता पट्ट्यातला ऊस या पाण्यावर उभा राहिला. पुढे वैजापूर-गंगापूरसाठी जलद कालवाही इथूनच निघाला.

म्हणजे नांदूर हे साठवणीचं धरण कधी नव्हतंच. तो पाणी वळवायचा बंधारा: उंची बेताची, पसारा मोठा. आणि नदी दरवर्षी पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट आणत होती, ती म्हणजे गाळ. दख्खनच्या काळ्या बेसाल्टवरची माती, नांगरलेल्या रानांची माती, तीन नद्यांच्या खोऱ्यांतली माती. पुराचं पाणी बंधाऱ्यामागे संथ झालं की माती खाली बसायची. शंभर वर्षं बसत राहिली. फुगवट्याचा तळ वर आला, मध्येच बेटं झाली, बेटांवर गवत आणि बाभळी उगवल्या, कडांना पाणकणीस माजलं. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने ही साठवण क्षमता गमावल्याची कहाणी आहे, आणि ती खरीही आहे. पण बदकाच्या दृष्टीने पाहिलं तर शंभर वर्षं कोणीतरी चिकाटीने त्याच्यासाठी ताट वाढून ठेवत होतं.

कारण पाणपक्ष्यांना ‘भरपूर पाणी’ नको असतं. त्यांना हव्या असतात वेगवेगळ्या खोल्या. खोल, निळं, कडा उभ्या असलेलं धरण माणसाला डोळे निववणारं वाटतं. पाणपक्ष्यांतल्या बहुतेकांसाठी ते निव्वळ झोपायला टेकण्याचं ठिकाण. खायला तिथे काही हाताशी लागत नाही. नांदूरला याच्या उलट स्थिती आहे, आणि ती काठावर नुसतं उभं राहून पाहता येते. अगदी कोरड्या, भेगाळू लागलेल्या चिखलावर टिटवी पळते, थांबते, पुन्हा पळते. जरा पुढे, जिथे चिखल ओला आहे आणि वर पाण्याचा जेमतेम पापुद्रा आहे, तिथे तुतवार शेपूट हलवत किडे टिपतो. बोटभर पाण्यात पाणलावा शिवणाच्या मशीनसारखी लांब चोच खुपसत बसलेली असते. चोचीचं टोक इतकं संवेदनशील की चिखलातला किडा तिला दिसावा लागत नाही, लागतो. टीचभर पाण्यात शेकाट्या. लाल काड्यांसारख्या त्याच्या पायांना पाहूनच हे नाव पडलं असावं. त्याच्या पुढे हातभर पाण्यात चमच्यांची रांग. चपट्या चोची अर्धवट उघड्या ठेवून ते डोकं डावीकडून उजवीकडे असं फिरवत चालतात, जणू विळ्याने गवत कापताहेत. चोचीच्या आतल्या बाजूला काही हललं की चोच मिटते.

बदकं याच पट्ट्यात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई ही सगळी बुडी न मारणारी. ती पुढून वाकतात, शेपूट आकाशाकडे करतात आणि मान जिथवर पोचेल तिथवरचा तळ उपसतात. तलवार बदकाची मान लांब, म्हणून त्याला थोडं जास्त खोल पाणी चालतं. चक्रांगाची आखूड, म्हणून ते काठाशी. दोघांचा पंक्तिभेद मानेच्या लांबीने ठरवलेला. थापट्याची तऱ्हा आणखी निराळी. गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच पाण्याला समांतर धरून तो गोल गोल पोहतो. चार-सहा जण मिळून चक्र धरतात, पायांनी पाणी घुसळून निघतं, तळातलं बारीकसारीक वर येतं आणि चोचीच्या कडेला असलेल्या कंगव्यासारख्या दातऱ्यांतून ते गाळून घेतलं जातं. याहून खोल पाण्यात मात्र पाणकावळे आणि तिरंदाज यांचं राज्य. तिरंदाज पोहताना शरीर पाण्याखाली आणि वर फक्त सापासारखी मान. त्याची पिसं बदकासारखी पाण्यापासून राखलेली नसतात, भिजतात. त्यामुळे तो सहज बुडतो आणि मासा गाठतो. आणि त्याचमुळे बाहेर आल्यावर एखाद्या वठलेल्या बाभळीवर पंख पसरून धुणं वाळत घातल्यासारखा बसून राहतो.

एकाच किनाऱ्यावर चाळीस-पन्नास पावलांत इतकी वस्ती मावते, याचं श्रेय गाळाला. पाणी एक फूट वर गेलं की या सगळ्या पंगती उठतात. एक फूट खाली गेलं तरी उठतात. नांदूरचा सगळा कारभार असा इंचांवर चालतो.

चापडगावला वनखात्याचं प्रवेशद्वार आहे, पुढे निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातलीच मुलं वाटाडे म्हणून सोबत येतात. ही मुलं शेतकऱ्यांची आहेत, पण पक्ष्यांची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडून घडाघडा निघतात. स्पॉटिंग स्कोप लावून देणं, पाहुण्यांच्या लेकराला उचलून त्यावर धरणं आणि मोठ्यांना दबक्या आवाजात दटावणं, ही तीनही कामं ती एकाच वेळी करतात. “काका, हळू बोला जरा, ते बसलंय तोवर बघून घ्या,” हे वाक्य थंडीच्या रविवारी तिथे किती वेळा म्हटलं जात असेल याची गणती नाही. भडक लाल जाकीट घालून आलेल्या पाहुण्याला मनोऱ्याच्या मागच्या बाजूला उभं करण्याची युक्तीही त्यांनाच ठाऊक.

इंग्रजी नावांपाशी मात्र थोडं अडखळावंसं वाटतं. कारण मराठीत या पाखरांची जी नावं आहेत ती पाहिली की दुर्बिणीची अर्धी गरज संपते. पाण्यावर शेकड्यांनी दिसणारा काळाकुळकुळीत पक्षी, कपाळावर पांढरा ठसठशीत पट्टा. इंग्रजीत ‘कूट’. मराठीत वारकरी. कपाळी गंध लावून थव्याने निघालेल्याला दुसरं काय म्हणणार? चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके असलेलं बदक ते हळदीकुंकू बदक. डुबकी मारून ‘टिबुक’ करून नाहीशी होणारी ती टिबुकली. काठावर मातीच्या रंगाचा होऊन बसलेला आणि उडाल्याबरोबर पांढरेशुभ्र पंख दाखवून चकवणारा तो वंचक. ही नावं बघणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. गावोगावची, जमातीजमातींची अशी नावं गोळा करून ‘पक्षिकोश’ सिद्ध करणारे मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते आणि त्यांचं निम्मं शिक्षण जंगलातल्या माणसांकडून झालेलं होतं. बगळे-करकोच्यांच्या सामुदायिक वीणवसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ हा शब्द दिला. तो शब्द नांदूरच्या बाभळींखाली उभं राहून उच्चारला की अगदी फिट्ट बसतो. त्याकडे पुढे येऊच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. पुस्तकात तलवार बदकाचा नर चॉकलेटी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा, देखणा. समोर मात्र सगळीच बदकं मळकट तपकिरी. माद्याच माद्या आल्या की काय? तसं नसतं. विणीचा हंगाम संपला की बदकांचे नर आपला शेला उतरवून ठेवतात. उत्तरेतल्या उन्हाळ्यात त्यांची उडण्याची सगळी पिसं एकदमच गळतात. काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी झगझगीत रंग म्हणजे कोल्ह्याला आमंत्रण. म्हणून ते माद्यांसारखा साधा पोशाख धारण करतात, आणि पंखांची पिसं परत आल्यावर याच साध्या वेशात दक्षिणेला निघतात. नवे रंग चढायला इथे येऊन काही आठवडे जावे लागतात. रंगीत नर पाहायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पण ओळख पटवण्याची खरी परीक्षा नोव्हेंबरातच, असं पट्टीचे पक्षीनिरीक्षक म्हणतात आणि त्यांच्या बोलण्यात थोडी मिजासही असते.

सगळ्यांत आधी पोचते ती भुवई. डोळ्यावर पांढरी कमान असलेलं हे छोटं बदक पावसाळा पुरता ओसरण्याआधीच दिसू लागतं. चिखलावरचे तुतवार त्याच सुमाराला. मोठे थवे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पट्टकादंब हंस थंडी चांगली पडल्यावर, तेही मोजकेच. पण त्यांच्यासाठी तासभर थांबायला हरकत नाही, कारण मानेमागे दोन काळे पट्टे असलेला हा राखी हंस हिमालय ओलांडून आलेला असतो. तो तिबेट, लडाख, मंगोलियाच्या तळ्यांवर वीण करतो. शास्त्रज्ञांनी या हंसांच्या अंगावर बसवलेल्या उपकरणांनी ७,२९० मीटर उंचीची नोंद दिली आहे. तिथे हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. या पक्ष्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवतं, हे आधीपासून माहीत होतं. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हंस एकदा उंची गाठून सरळ रेषेत येत असतील असं वाटलं होतं, तर ते निघाले घाटातल्या एसटीसारखे: डोंगर चढला की वर, दरी आली की पुन्हा खाली, पुढचा डोंगर आला की पुन्हा वर. कमावलेली उंची सोडून देणं आपल्याला उधळपट्टी वाटेल. पण विरळ हवेत उंचावर टिकून राहायला पंखांना इतके कष्ट पडतात की खाली येऊन परत चढणं स्वस्त पडतं. आणि प्रवास मुख्यतः रात्री व पहाटे, हवा थंड आणि दाट असताना.

अशी पाखरं नांदूरला येऊन गाळात चोच घालतात तेव्हा त्यांच्याकडे जरा आदराने बघावं.

मनोऱ्यावरून दिसणाऱ्या दृश्यांत एकाला तोड नाही. सकाळचे नऊ वाजलेत, धुकं विरलंय, वारकऱ्यांचा थवा पाण्यावर ऐसपैस पसरलाय, शेजारी बदकं माना पाठीत खुपसून डुलक्या घेताहेत. कुठूनसा दलदली भोवत्या येतो. लांब पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून, पाणकणसांवरून खाली खाली तरंगत. एकदम सगळं पाणी फुटतं. बदकं जागच्या जागी उसळून थेट हवेत; त्यांना धाव घ्यावी लागत नाही. वारकऱ्यांना ते जमत नाही. त्यांना उडण्याआधी पाण्यावरून थपथप धावावं लागतं आणि तेवढा वेळ नसतो. मग ते उडत नाहीत, उलट एकमेकांना चिकटतात. क्षणापूर्वी बिघाभर पसरलेला थवा घोंगडीएवढा होतो. भोवत्या वर आला की पायांनी पाणी उडवतात, कारंजी उठतात. शिकाऱ्याला हवा असतो एकटा पडलेला, दुबळा. या काळ्या गोळ्यातून एक निवडायचा कसा? दोन-तीन घिरट्या घालून तो पाणकणसांत नाहीसा होतो. पाच मिनिटांत बदकं परत उतरतात आणि डुलकी जिथे तुटली तिथून पुढे चालू. मनोऱ्यावरची माणसं मात्र अजून श्वास रोखून असतात.

या जागेचं वन्यजीवांच्या दृष्टीने मोल अधिकृतपणे मान्य झालं १९८६ मध्ये, अभयारण्याच्या घोषणेने. क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर. त्यात नुसतं पाणी नाही, गावं आहेत, शेतं आहेत, रस्ते आहेत. ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ ही पदवी डॉ. सलीम अलींनी दिली असं सांगितलं जातं. उपमा पक्ष्यांसाठी दिलेली असली तरी ती आणखी एका अर्थाने नेमकी आहे. राजस्थानातलं भरतपूरही निसर्गनिर्मित तळं नाही. तिथल्या राजांनी बांध घालून, पाणी वळवून पाणथळ वाढवली ती बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी पाडले गेले, आणि अशा पराक्रमांचे आकडे कोरलेला दगडी शिलालेख आजही उद्यानात उभा आहे. एक पाणथळ बंदुकीसाठी, दुसरी उसासाठी. पाखरांना दोन्ही चालल्या.

इराणमधल्या कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भरतपूर आणि ओडिशाचं चिल्का सरोवर १९८१ मध्येच त्या कराराच्या यादीत गेलं. महाराष्ट्राला मात्र पुढे जवळजवळ चार दशकं लागली. राज्यातली पहिली रामसर जागा म्हणून नांदूर मध्यमेश्वरची नोंद झाली २०१९ मध्ये आणि घोषणा जानेवारी २०२० मध्ये. त्यामागून लोणार, मग ठाण्याची खाडी. नांदूरच्या रामसर नोंदीत १,४३७ हेक्टर क्षेत्र आणि ५३६ जातींचे वनस्पती-प्राणी आहेत. पक्ष्यांच्याच जाती २४० हून अधिक. पण त्या नोंदीतलं सगळ्यात जिव्हाळ्याचं नाव एका माशाचं आहे: देवळाली मिनो. बोटाएवढा मासा. १९३८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते दारणा नदीतल्या नमुन्यांवरून, देवळालीजवळच्या. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. फ्लेमिंगोचा फोटो छापून येतो. या माशासाठी कुणी टॉवरवर चढत नाही.

रामसर कराराचा एक भाग आपल्याकडे नीट कळलेला नाही. पाणथळीभोवती कुंपण घालून माणसाला बाहेर काढा, असं तो सांगत नाही. त्याचा शब्द आहे ‘सुज्ञ वापर’. नांदूरला दुसरा मार्गही नव्हता, कारण इथल्या पाण्याचा मालक पक्षी नाही, वनखातंही नाही. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं. वरून, गंगापूर-दारणा धरणांतून, खालच्यांसाठी पाणी सोडलं की ते चढतं. या वेळापत्रकात उसाचं पाणी आहे, रब्बीचं पाणी आहे, पिण्याचं पाणी आहे, नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा कोर्टकज्ज्यांपर्यंत गेलेला तंटा आहे. बदकाचं नाव त्यात कुठे नाही. म्हणून असं होतं की एखाद्या रविवारी मनोऱ्यासमोर पाण्याला जागा उरलेली नसते इतके पक्षी, आणि पुढच्या रविवारी मुंबईहून पहाटे निघून आलेल्या मंडळींना भरलेलं, चकचकीत, रिकामं पाणी. पक्षी मेलेले नसतात, रुसलेलेही नसतात. त्यांच्या माना पुरत नाहीत, एवढंच. ते काही मैलांवरच्या एखाद्या गावतळ्यावर किंवा खाली जायकवाडीच्या नाथसागराच्या उथळ काठावर गेलेले असतात. आवर्तन कधी सुटणार हे विचारून मग सहलीचा दिवस ठरवणारे जाणते लोक आहेत. बाकीच्यांनी निदान वाटाड्याला आधी फोन करावा.

इंचांचा हा हिशेब बिघडवणारी दुसरी गोष्ट वरून वाहत येते. नाशिक शहर गोदावरीच्या वरच्या अंगाला आहे आणि शहराचं सांडपाणी नदीला भेटल्याशिवाय राहत नाही. त्या खतावर जलपर्णी पोसते. नाशिककर तिला पाणवेली म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेची, जांभळ्या फुलांची, दिसायला साजरी. आणि पोषक पाणी मिळालं तर पंधरवड्यात दुप्पट होणारी. पहिल्या पुराबरोबर तिचे हिरवे तराफे नांदूरला येऊन अडतात. सगळ्यांनाच ती वाईट असं नाही. कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून तिच्या पानांवरून रस्त्यावरून चालावं तसा चालतो, जांभळी पाणकोंबडी एखादा कोवळा देठ पायाच्या मुठीत धरून उसाच्या कांडीसारखा चावते. पण तराफा जिथे साचून जाड होतो तिथे खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, प्राणवायू घटतो, तळातलं शेवाळ आणि शिंपले-गोगलगाई संपतात. ज्याला उतरायला उघडं पाणी लागतं त्या बदकासाठी ती हिरवळ म्हणजे भिंत.

बहुतेक लोक नांदूरला हिवाळ्यात येतात आणि होळीनंतर पाठ फिरवतात. त्यामुळे इथल्या स्थानिक पाखरांचा संसार बघायचा राहून जातो. पाऊस सुरू झाला की पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर बगळे, पाणकावळे, चमचे घरटी थाटतात. हेच ते सारंगागार. एका झाडावर कितीतरी बिऱ्हाडं, खाली विष्ठेने पांढरी पडलेली पानं, वर अखंड कलकल, आणि माशांचा उग्र वास. काटेरी बाभूळ आणि भोवती पाणी, म्हणजे मांजर-मुंगसाची चढाई अवघड. मध्येच पाण्यावर कमळपक्ष्याचा नर चार तकतकीत अंडी सांभाळत बसलेला असतो. त्याची बायको आकाराने त्याच्याहून मोठी. अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे निघून गेलेली असते. पिल्लं निघाली आणि धोका वाटला तर पितळी पंखांचा कमळपक्षी ती पंखांखाली कवटाळून चालू लागतो. लांबून पाहणाऱ्याला बापाच्या बगलेतून भलतेच लांब चार-सहा जादा पाय लोंबताना दिसतात.

मार्चपासून पाणी ओसरू लागतं. उघड्या पडलेल्या गाळावर ओल टिकून असते. गाळपेर जमीन म्हणजे फुकटात मिळालेलं खत. ती रिकामी कशी राहील? तिथे काकड्या-टरबुजांचे वेल दिसू लागतात, आणि चिखलावरच्या पाखरांची जागा बुजगावणी घेतात.

पण जानेवारीतल्या संध्याकाळची गोष्ट अजून राहिली आहे. पाच वाजता पाहुण्यांच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. सूर्य सिन्नरच्या दिशेला टेकतो आणि चक्रवाकांच्या जोड्या आवाज देऊ लागतात. केशरी अंगाचं हे ब्राह्मणी बदक संस्कृत कवींनी विरहाच्या खाती जमा केलं: दिवसभर जोडीने राहायचं आणि रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायच्या, असा म्हणे त्याला शाप. शापाची गरज नाही. चक्रवाक रात्री चरतात. अंधारात दोघं थोडे लांब गेले की हाका मारून एकमेकांचा ठाव घेतात, आणि शांत नदीवरून तो आवाज लांब जातो. कवींनी ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं.

काळोख पडायच्या बेताला बदकंही उठतात. दिवसभर पाण्यावर झोपा काढलेले थवे आता पीक निघालेल्या रानांकडे, ओल्या वाफ्यांकडे निघतात. द्राक्षबागांच्या तारांवरून, पंखांची शिट्टी वाजवत. खाली मळ्यात त्या आठवड्यात रात्रीच्या लाइटची पाळी असते. शेतकरी मफलर कानावर ओढून, बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघालेला असतो. उसाच्या कडेने जाताना तो मोबाइलवर गाणं मोठ्यांदा लावतो, कारण फडात बिबट्या असू शकतो. मोटार धरते, पाटात पाणी येतं, आणि वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला अंधारात काहीतरी थपथप उतरतं.